पेढीचं नेटवर्क आम्ही असं आवरलं

सांगलीच्या मार्केट यार्डात मी एका अडत पेढीवर हिशेबाचं काम करते. ऐन हळदीच्या हंगामात शेजारच्या पेढीचा सर्व्हर रॅन्समवेअरनं, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमनं, कुलूपबंद केला. फायलींची नावं बदललेली, स्क्रीनवर बिटकॉइनची मागणी. हळद विकून बसलेले शेतकरी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मागत होते आणि दिवाणजींना कुणाचे किती द्यायचे तेच दिसत नव्हतं. आमचे मालक, अण्णा, मला म्हणाले, "पोरी, आपलं सगळं एकदा बघून घे. खर्चाची काळजी करू नकोस."

मी आधी राउटर उघडला. सीएंना घरून हिशेब बघता यावा म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं, ३३८९ हे पोर्ट (नेटवर्कचं दारच) थेट इंटरनेटला उघडं ठेवलं होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी बघितल्या. लॉगिन फसलं की ही नोंद पडते. तिथं पानंच्या पानं भरलेली! रात्री पेढी बंद असताना कुणीतरी ॲडमिन, अकाउंट अशा नावांनी पासवर्ड लावून बघत होतं. हे माणूस बसून करत नाही. प्रोग्रॅम जगभरातली उघडी पोर्टं शोधत फिरतात. पोर्ट त्याच दिवशी बंद केलं. सीए आता व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेनं, मोबाइलवरचा कोड टाकून येतात.

भुईकाट्याचा कॉम्प्युटर ही खरी अडचण. त्यावर विंडोज ७, ज्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले, आणि काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचा दुरुस्तीचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. आमच्या काट्याला नवे अपडेट येणारच नाहीत, म्हणून त्याचं नेट काढलं, फाइल शेअरिंगचं जुनं एसएमबी १ बंद केलं. वजनं आता त्याच्या प्रिंटवरून चढवतो. काम वाढलं, पण मला ते पटतं.

सौद्याला येणाऱ्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय केलं. कॅमेरे हिशेबाच्या जाळ्यातून काढून त्यांचेही पासवर्ड बदलले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटरच तर ताब्यात घेतले होते.

माणसांपर्यंत पोचायला जास्त वेळ लागला. खोट्या मेलवर विसंबून पैसे जाऊ नयेत म्हणून आधी फोन करून खात्री करा, असं मी सांगितलं. आमचे दिवाणजी काका म्हणाले, "अगं, इतकी वर्षं विश्वासावर व्यवहार केला, आता प्रत्येकाला फोन करून विचारू?" मी म्हटलं, "काका, खाते नंबर बदलल्याचा मेल आला तरच. आणि मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या वहीतल्या नंबरवर." वहीतला नंबर म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं. व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावानं येणारी एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल उघडायची नाही, हे हमालांपासून अण्णांपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

बॅकअपला मात्र कुणाला समजवावं लागलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभाग, मारुती चौक पाण्याखाली. कागद भिजले की काय होतं हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, असा नियम घातला. बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून ठेवतो, कारण जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअर सोडत नाही. एक ड्राइव्ह अण्णांच्या मिरजेच्या घरी असतो. दर महिन्याला त्यातला डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघते. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा भरवसा नाही.

भिंतीवर एक कागद लावलाय: संशय आला की आधी नेटवर्कची वायर काढा, मग मला बोलवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. खंडणी भरण्याआधी नो मोअर रॅन्सम या साइटवर फायली उघडायची मोफत किल्ली मिळते का ते बघा, हेही त्यात आहे.

आता विंडोज १० राहिलंय. त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि आमचे दोन कॉम्प्युटर अजून त्यावरच आहेत. अण्णांनी नव्या मशीनचं कोटेशन मागवलंय.