चमचाभर बाजूला

आमचा कुकर शिट्ट्या देतो, खालच्या आजींचा बोलतो. न्यू जर्सीतल्या या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात खालून एका तरुण बाईचा गोड, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा आवाज ऐकू आला. वाटलं, सून आली असेल. नंतर कळलं, भात झाल्याचं कुकर कोरियनमध्ये सांगत होता.

गाव पॅलिसेड्स पार्क. हडसन ओलांडली की न्यूयॉर्क. २०१०च्या जनगणनेत इथले निम्म्याहून जास्त रहिवासी कोरियन निघाले. ब्रॉड अ‍ॅव्हेन्यूवरच्या पाट्या आधी कोरियनमध्ये असतात, मग जागा उरली तर इंग्रजीत. घरमालकीणबाईंना मी हालमोनी म्हणते, म्हणजे आजी. चर्चमध्ये त्यांना ग्वॉन्सानिम म्हणतात. ग्वॉन्सा हा वडीलधाऱ्या बायकांना मिळणारा मान, आणि 'निम' आपल्या 'राव'सारखं. एरवी त्या थोरल्या मुलाची आई. त्यांचं स्वतःचं नाव मी भाडेकराराच्या कागदावर एकदा वाचलं, त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. हे ओळखीचं वाटलं. साताऱ्याला आमच्या वाड्यातही निम्म्या बायका कुणाच्या ना कुणाच्या आईच होत्या.

पहाटे पाचला आम्ही दोघी जाग्या असतो. मला पुण्याच्या टीमशी बोलायचं असतं, त्यांना देवाशी. सव्वापाचला गाडी निघते चर्चकडे, 'सेब्योक गिदो'ला, म्हणजे पहाटेच्या प्रार्थनेला. आपली काकडआरती बऱ्याच गावांत कार्तिकापुरती. यांची बारा महिने, दारात फूटभर बर्फ असला तरी. ही रीत १९०७च्या आसपास कोरियात रुजली, तीही प्याँगयांगमधून. आज त्या शहराचं नाव काढलं की क्षेपणास्त्रं आठवतात. तेव्हा त्याला पूर्वेचं जेरुसलेम म्हणत.

एकदा त्यांचा डबा परत करायला खाली गेले. (रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांना आणि मला दोघींना घरून शिकवलेलं, त्यामुळे तो डबा गेली दोन वर्षं खाली-वर फिरतोच आहे. किमची वर येते, शंकरपाळे खाली जातात.) हालमोनी तांदूळ घेत होत्या. माप भरून भांड्यात ओतलं, आणि मग त्यातलाच एक चमचा उचलून शेजारच्या काचेच्या बरणीत टाकला. मला वाटलं, जास्त झाले म्हणून काढले. पण रोज कुणी मोजून चुकतं का?

'सॉन्गमी', त्या म्हणाल्या. त्यांच्या आईची सवय. त्या काळी चर्चच्या बायका प्रत्येक वेळी भात लावताना चमचाभर तांदूळ बाजूला काढत आणि रविवारी कापडी पिशवीतून घेऊन जात. त्यावर पाळकांचं घर चाले, गरिबाचं पोट भरे. पैसा बायकांच्या हातात नव्हता, तांदूळ होता. आता चर्चला चेक चालतो. तरी यांची बरणी भरली की ती रविवारच्या जेवणाला चर्चच्या स्वयंपाकघरात जाते.

मी त्यांना आमच्या आजीचं सांगितलं. कर्मवीर अण्णांच्या मुष्टिफंडासाठी ती दळणातली मूठभर ज्वारी आधी बाजूला काढायची, मग जात्याला हात घालायची. वसतिगृहातल्या मुलांसाठी. हालमोनींनी मान डोलावली. काही नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

नवरा-बायको १९८३ला इथे आले. १९६५च्या कायद्याने आशियातल्या लोकांना दार उघडलं, त्यातून आधी दीर आला, मग हे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आधी नोकरी, मग स्वतःचं दुकान. भांडवल कुठून? 'ग्ये'तून. त्या समजावून सांगायला लागल्या, दहा बायका, दर महिन्याला पैसे, एकीला सगळे... मी म्हटलं, हालमोनी, कळलं. भिशी!

दुकान विकून सात वर्षं झाली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत वाफेच्या इस्त्रीचे तीन पुसट चट्टे आहेत, एकाखाली एक. मधला कसला विचारलं तर 'धाकट्याच्या कॉलेजचं वर्ष' म्हणाल्या आणि हसल्या.

मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. रविवारी तळघरातल्या स्वयंपाकघरात शेकडो माणसांचा भात आणि सूप करायला बायका. वर निर्णय घेणाऱ्या वडीलमंडळात बहुतेक पुरुष. मी एकदा हे बोलून पाहिलं. त्यांनी मला मुळ्याची किमची वाढली.

रात्री जेवणं झाली की त्या वही काढतात. बायबल हाताने लिहून काढतात, सगळं, ११८९ अध्याय. त्यांच्या चर्चमध्ये बऱ्याच बायका लिहितात. आमच्याकडे रामनामाच्या वह्या असायच्या, पण तिथे एकच नाव पुन्हापुन्हा. इथे वंशावळ्यासुद्धा सुटत नाहीत, अमक्याला तमका झाला. पहिली प्रत चार वर्षांत पुरी झाली, ती थोरल्या नातवाला दिली. आता दुसरी, आठ वर्षांच्या नातीसाठी. दोघांनाही कोरियन वाचता येत नाही. आजीशी ती इंग्रजीत बोलतात आणि त्या कोरियनमध्ये उत्तर देतात.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा नात मांडीवर बसून वहीत लिहीत होती. आजी अक्षर दाखवायच्या, ती काढायची. कोरियन लिपीत एक अक्षर नुसतं गोल असतं, आपल्या पूज्यासारखं. पोरीला ते फार आवडलं. तिने एका गोलात दोन डोळे काढले, एक हसरं तोंड काढलं. हालमोनींनी खोडरबर उचललं. बघत राहिल्या. मग ते खाली ठेवून नातीला पुढची ओळ दाखवली.