रुईची पानं अन् शनिवारचा हार

शनिवारी सकाळी सहाला गेट वाजलं की समजायचं, शेजारच्या काकू आल्या मारुतीच्या हाराला रुईची पानं न्यायला. आधी मला त्याचं काही वाटायचं नाही, पण आता चहा गॅसवर ठेवून तशीच पळत जाते, कारण पान उलटं करून बघितल्याशिवाय मी तोडू देत नाही.

"देवाला चाललीत गं पानं, तू काय शोधायलीस त्यात?"

"अळ्या, काकू."

तर झालं असं, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यात नर्सरीतून हौसेनं आणलेली माझी सगळी झाडं जळून गेली. प्यायलाच पाणी नाही तर जास्वंदाला कुठून घालणार. कंपाउंडच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई तेवढी हिरवीगार. आत्याबाई म्हणायच्या उकिरड्यावरचं झाड दारात कशाला, काढून टाक, मी आळसानं राहू दिलं. अन् पहिल्या पावसानंतर तिच्याभोवती केशरी फुलपाखरं, प्लेन टायगर.

तेव्हा कळलं की फुलावर फुलपाखरू नुसतं रस प्यायला टेकतं, अंडी मात्र ठरलेल्याच झाडावर घालतं. हे टायगर रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालतं. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर शिंगांसारख्या काळ्या तीन जोड्या. रुईचा चीक डोळ्यात गेला तर आपली वाट लागते, ही तेच पान खाऊन मोठी होते आणि ते विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. कोष पानाखाली लटकतो, फिकट हिरवा, त्यावर सोनेरी ठिपके, कानातल्या डुलासारखा. शेवटी शेवटी तो काचेसारखा पारदर्शक होतो अन् आत घडी घातलेले केशरी पंख दिसायला लागतात, त्या दिवशी मी स्वयंपाकाला हमखास उशीर करते.

एकदा तसंच केशरी फुलपाखरू घोळीवर अंडी घालताना दिसलं, मला वाटलं हे येडं झालं का काय. तर ती डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. रुईवालीचा ड्रेस घालून फिरते म्हणजे पक्षी फसतात, नर मात्र काळा अन् पंखांवर मोठे पांढरे ठिपके. तेव्हापासून भाजीला घोळ काढताना थोडी सोडावी लागते.

कढीपत्त्यावरून तर घरात भांडणच झालं. त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या येतात, लहान असताना हुबेहूब चिमणीची शीट, मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर दोन टोकांचं शिंग बाहेर काढून असा घाण वास सोडतात! आत्याबाईंनी चिमट्यानं धरून गटारीत टाकल्या. आता दोन कुंड्या आहेत, एक फोडणीची, एक अळ्यांची. लिंबाचं रोप आणलं होतं नर्सरीतून, त्यावर पण अंडी दिसली, मी खूश, तर दोन दिवसात सगळ्या अळ्या मरून पडल्या. विचारलं तर म्हणे फवारा मारलेलाच असतो ताई, पानं छान दिसतात ना. आता रोपं बियांपासूनच करते.

माहेरी भाऊ हसतो. डाळिंबाला भोक पाडून आत शिरणारी अळी, ती पण फुलपाखराचीच. "आम्ही फवारून फवारून दमलो अन् तू पाळायलीस व्हय?" त्याचंही खरंच आहे, त्याचं पोट त्यावर आहे, माझं नाही.

परवाच्या शनिवारी काकूंनी स्वतःच एक पान उलटं केलं, चष्मा वर सरकवला, "ह्याच्यावर हाय बघ एक, राहू दे, दुसरं देते का?" मला एवढा आनंद झाला, तेवढ्यात पुढचं वाक्य, "हनुमान जयंतीला मात्र एकशे आठ लागतील हं, आत्तापासूनच सांगून ठेवते."

काल मोजली. न खाल्लेली पानं साठ पण भरेनात.