सराट्यांच्या वाटेवर सायकल : पंक्चर टाळण्याचा माझा अनुभव

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावापासून मी शिकवतो ती शाळा आठ किलोमीटरवर आहे आणि त्यातले शेवटचे तीन किलोमीटर गाडीवाटेचे आहेत. पावसाळा सरला की या वाटेच्या कडेने जमिनीलगत पसरलेले सराटे वाळू लागतात. वाळलेल्या फळाचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर राहतोच. त्यात शेतांच्या कुंपणाला लावलेल्या वेड्या बाभळीच्या फांद्या. गेल्या दिवाळीनंतरच्या एकाच महिन्यात माझी सायकल सात वेळा पंक्चर झाली. मुले वर्गात खोळंबली आहेत आणि आपण सायकल हातात धरून चालतो आहोत, याचे मला फार वाईट वाटे.

मग ठरवले की नुसते पंक्चर काढून भागणार नाही. ते कशामुळे होते हे आधी पाहायचे. टायर उतरवण्याआधी वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, जागी टायरवर खडूने खूण करायची, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुड्यांची जागा शोधायची आणि ती वॉलपासून जितकी दूर असेल तितक्याच अंतरावर टायर आतून तपासायचा. बोट फिरवले तर काटा बोटात शिरतो, म्हणून मी कापसाचा बोळा फिरवला. एका जागी त्याचे तंतू अडकले. तिथे बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक होते, तांदळाच्या कण्याएवढे. बाहेरून काहीच दिसत नव्हते. ट्यूबवर त्याच जागी शेजारीशेजारी तीन चकत्या होत्या, म्हणजे तीन पंक्चर या एकाच काट्याने केली होती. चिमट्याने तो काढला तेव्हा मला खरोखर हायसे वाटले.

पुढचे काम टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये अस्तर घालण्याचे होते. पहिल्यांदा मी प्लास्टिकच्या बाटलीच्या पट्ट्या कापून घातल्या, पण त्यांच्या कडांनीच ट्यूब कापली गेली. डिंकासारखे काही ट्यूबमध्ये भरण्याचा सल्लाही मिळाला होता. मात्र पाण्यात कालवलेला पांढरा गोंद वाळायला हवा लागते, बंद ट्यूबमध्ये तो ओलाच राहतो आणि वॉल तेवढा चिकटतो.

शेवटी उपयोगी पडली ती जुनी ट्यूब. त्याच मापाची जुनी ट्यूब घेऊन तिची रिमकडची बाजू कात्रीने सबंध गोल उभी चिरली आणि वॉलचा भाग कापून टाकला. अशी चिरलेली ट्यूब अखंड कड्यासारखी राहते, तिला जोड येत नाही, आणि जोड नसल्याने त्याची कड नव्या ट्यूबला घासण्याचा प्रश्नच उरत नाही. कडा इतक्या छाटल्या की त्या टायर आणि रिम यांच्यामध्ये चेपणार नाहीत. दोन्ही ट्यूबांना टाल्कम पावडर चोळून नवी ट्यूब त्या अस्तरात बसवली. आऱ्यांचे निपल, म्हणजे आरे रिमला धरून ठेवणारे छोटे नट, आतून टोचू नयेत म्हणून उरलेल्या रबराची पट्टी रिमवरही ताणून बसवली. चाक थोडे जड झाले, चढावर ते जाणवते.

गावातल्या एका दूधवाल्या काकांनी आणखी एक युक्ती दाखवली. त्यांनी मडगार्डच्या तारांना जुन्या आऱ्याचा एक वाकवलेला तुकडा असा बांधला होता की तो फिरत्या टायरला जेमतेम स्पर्श करी. सराटा पहिल्या फेरीत फारसा आत जात नाही, प्रत्येक फेरीला रस्ता त्याला आणखी दाबतो. तो खोल जाण्याआधीच ही तार त्याला उडवून देते. मी दोन्ही चाकांना तशी तार बांधली आहे.

हवेकडे मात्र मी पूर्वी फार दुर्लक्ष करत असे. माझ्या टायरवर हवेचा दाब ४० ते ६५ पीएसआय असा छापलेला आहे. हवा त्याहून कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि तिला शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. त्याला अस्तराचा काही उपयोग नाही. आता दर सोमवारी सकाळी मी पंप मारतो.

या हिवाळ्यात दोनदाच पंक्चर झाले, दोन्ही वेळा बाभळीचा लांब काटा टायरच्या बाजूने घुसला होता, जिथे अस्तर पोहोचत नाही. परवा पुढचे चाक उघडले तेव्हा अस्तरात सराट्यांची चार टोके रुतलेली सापडली आणि आतली ट्यूब कोरी होती.