आमची वाटचाल: गप्प बसलेला कुत्रा कळायला आम्हाला वेळ लागला

मी आणि ताईने डॉग बोर्डिंग सुरू केलं तेव्हा आमच्याकडे दोन खोल्या, एक गच्ची आणि भरपूर आत्मविश्वास होता. अनुभव म्हणाल तर लहानपणापासून घरात कुत्री होती, एवढाच. बिझनेस प्लॅन वगैरे कसला, ओळखीतल्या एकांना चार दिवस बाहेर जायचं होतं, त्यांचा लॅब्रॅडॉर आमच्याकडे राहिला, मजेत राहिला, त्यांनी पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, आणि वर्षभरात गच्चीवर एका वेळी सात-आठ जण भुंकायला लागल्यावर शेजाऱ्यांनी अगदी गोड शब्दांत आम्हाला दुसरी जागा बघायला लावली.

दुसरी जागा आम्ही हौसेने सजवली. धुवायला सोप्या म्हणून गुळगुळीत टाइल्स, मध्ये पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर केनेल (कुत्र्यांना ठेवायचे कप्पे), म्हणजे एका नजरेत सगळे दिसतील, मागे मोकळं मैदान, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात 'दिवसभर धमाल'. आज त्यातलं मैदान तेवढं शिल्लक आहे. बाकी सगळं आम्हीच एक एक करून काढून टाकलं, ते का ते सांगते.

कोको नावाचा एक कॉकर स्पॅनियल पाच दिवसांसाठी आला होता. भुंकला नाही, पट्टा ओढला नाही, काही फाडलं नाही. आम्ही ग्रुपवर त्याचा फोटो टाकून लिहिलं, 'इतका गुणी पाहुणा आजवर बघितला नाही'. दिवसभर मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. डोक्यावर हात ठेवला की जीभ ओठांवरून फिरवायचा आणि जांभई द्यायचा, आम्ही म्हणायचो झोप आलीये बाळाला. अंगावरून हात फिरवला की मूठभर केस हातात, आम्ही म्हणायचो केस गळायचे दिवस असतील. खाणं फक्त रात्री सगळे गेल्यावर, तेही चार घास. चौथ्या दिवशी सकाळी केनेलमध्ये शी झालेली, शेंबडासारखी, त्यात रक्ताचे धागे. ताईचे तर हातपायच गळाले.

व्हेटने जंत, इन्फेक्शन सगळं तपासलं, काही निघालं नाही. मोठ्या आतड्याला सूज आली होती, म्हणजे कोलायटिस, आणि ती नुसत्या ताणानेही येऊ शकते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी आम्हाला एकच विचारलं, "हा झोपतो कसा? पाय सोडून आडवा, की गोळा होऊन, डोळे अर्धे उघडे ठेवून?" आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. चार दिवस कुत्रा आमच्या समोर होता आणि तो झोपला की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं! कोको बरा होऊन घरी गेला, मालक एका शब्दाने बोलले नाहीत, पण परत कधी आलेही नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. १९६७ च्या सुमाराला मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता, आज वाचताना अंगावर काटा येतो. कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले की जे त्यांनी काहीही केलं तरी थांबत नव्हते. मग त्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे एक बुटकी आडवी फळी ओलांडली की सुटका होती. बरीचशी कुत्री उठलीच नाहीत, पडून राहून झटके सोसत बसली. आपल्या करण्याने काही बदलत नाही हे एकदा मनात बसलं की कुत्रा प्रयत्नच सोडतो. आम्ही कोकोला झटके दिले नव्हते हो, पण त्याच्या बाजूने विचार करा, समोर सतत एक अनोळखी बॉक्सर जातीचा कुत्रा टक लावून बघतोय (कुत्र्यांत टक लावून बघणं म्हणजे दमदाटीच), तिथून उठून जायला जागा नाही, लपायला आडोसा नाही, पायाखाली टाइल्स घसरतायत, आणि नाकात चोवीस तास फिनेलचा भपका. ज्याचं अर्धं जग नाकात असतं त्याचं नाकच आम्ही बंद करून टाकलं होतं. ते ओठ चाटणं, जांभया, गळणारे केस, सगळी ताणाचीच लक्षणं होती. तो गुणी नव्हता, त्याने हात टेकले होते.

मग तोडफोड सुरू झाली. समोरासमोरच्या केनेलमध्ये पार्टिशन, टाइल्सवर रबरी मॅट, प्रत्येक केनेलात एक उलटं खोकं किंवा पडदा, म्हणजे नको असेल तेव्हा आत जाऊन बसता येईल. उग्र वासाचं क्लीनर बंद. आणि घरून येताना त्याचं रोजचं अंथरूण आणा पण घरचा वास राहावा म्हणून प्लीज धुऊन आणू नका, असं सांगायला लागलो. यावर लोक फार ओशाळतात. एक काकू तर "अहो इतकं घाण कसं आणू" म्हणून दोनदा इस्त्री केलेली चादर घेऊन आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं.

'दिवसभर धमाल' उतरवायला मात्र वेळ लागला, कारण ते आमचं मार्केटिंगच होतं. बारा कुत्री सकाळपासून मैदानात सोडली की व्हिडिओ भारी यायचे, पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला रोज कुठेतरी जुंपायची. आम्हाला वाटायचं एनर्जी उरलीये, अजून पळवा. उलट होतं ते. मोठा कुत्रा दिवसातले बारा ते चौदा तास झोपतो, पिल्लू तर अठरा-वीस. आमच्याकडे ते आठ-आठ तास टक्क जागे असायचे, रडकुंडीला आलेल्या लहान मुलासारखे, मग चिडणारच. आता अर्ध्या तासाच्या बॅच, एकमेकांशी जमणारे तीन-चार जणच एकत्र, आणि दुपारी सगळीकडे पडदे ओढून शांतता. त्या वेळेत बेल वाजत नाही, स्टीलची भांडी कोणी आपटत नाही. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आपली धाव २०,००० पर्यंत, त्यामुळे आपल्याला जी खोली शांत वाटते ती त्याला शांत असेलच असं नाही, एखाद्या चार्जरची बारीक शिटीही त्याला छळत असेल.

मधल्या काळात अजून एक घोडचूक केली. ट्रेनिंग सुरू करायचं म्हणून एका ट्रेनरला ठेवलं. "कुत्र्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं" हे त्याचं पालुपद. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), तिचा झटका, दरडावणं. रिझल्ट लगेच दिसायचे म्हणून क्लायंट खूश, आम्हीही. दोन महिन्यांनी त्याच्याकडे शिकलेल्या एका रॉटवायलरने आमच्या मुलाचा (म्हणजे स्टाफमधला पोरगा) हात धरला, ना गुरगुरला ना दात दाखवले, थेट धरला. नंतर कळलं की गुरगुरलं की झटका, असं शिकवलेलं होतं. गुरगुरणं ही त्याची वॉर्निंग, ती आम्ही मारून टाकली आणि आतली भीती तशीच ठेवली. सात टाके पडले. ट्रेनरला त्याच दिवशी नमस्कार केला. त्या मुलाने मात्र काम सोडलं नाही, आज सगळ्यात घाबरट कुत्रा त्याच्याकडेच सोपवतो.

"अचानक चावला हो" हे वाक्य आम्ही इतकं ऐकतो की ताई आता फक्त वही पुढे करते. त्या दिवशी काय काय झालं ते सकाळपासून लिहा म्हणते. लिहिलं की दिसतं, सकाळी नखं कापली, मग गाडीतून प्रवास, दुपारी घरात फर्निचरवाले ठोकाठोक करत होते, संध्याकाळी पाहुणे, आणि पाहुण्यांच्या छोट्याने फोटोसाठी गळ्यात हात टाकून मिठी मारली. मिठी ही माणसांची रीत, बऱ्याच कुत्र्यांना ती पकडून ठेवल्यासारखी वाटते. फोटोत नीट बघा, मूल हसतंय आणि कुत्र्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, कान मागे, तोंड घट्ट मिटलेलं. दूध उतू जाताना एका क्षणात जातं, पण गॅस सकाळपासून चालू असतो. "पण शेपूट तर हलवत होता!" हेही ठरलेलं. शेपूट हलणं म्हणजे कुत्रा उत्तेजित झालाय एवढंच, तो आनंदच असेल असं नाही. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांवर बघितलं की मालक दिसला की शेपूट त्यांच्या उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. आम्ही काही कोनमापक घेऊन बसत नाही, पण ताठ शेपूट आणि कंबरेपासून सैल हलणारं शेपूट यातला फरक कळायला लागतो हळूहळू.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते एकटं राहण्यावरून. बाहेर गेलो की दार ओरबाडतो, सोफा फाडतो, शेजारी तक्रार करतात, आणि मालकाचं ठाम मत की हा मुद्दाम सूड घेतो, कारण परत आल्यावर मान खाली घालून बसतो, म्हणजे त्याला चूक कळते. अहो नाही कळत. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हे तपासलं होतं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने काही केलंय की नाही यावर ठरत नाही, मालक रागावतोय का यावर ठरतो. काहीच न केलेला कुत्राही ओरडा बसला की तसाच चेहरा करतो. आम्ही सांगतो, जुना मोबाईल शेल्फवर रेकॉर्डिंगला लावून घराबाहेर जा. एका बीगलचा असा व्हिडिओ आजही आमच्याकडे आहे. दार बंद झाल्यावर तो अर्धा मिनिट दाराच्या फटीला नाक लावून वास घेतो, मग फेऱ्या, मग धापा टाकणं, लाळेने छाती ओली, आणि आठव्या मिनिटाला दाराची चौकट खायला सुरुवात. मालकांनी तो बघितला आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. किल्ली उचलायची आणि जाग्यावर परत बसायचं, दिवसातून दहा वेळा, म्हणजे किल्ली वाजली की आता हे जाणार हे समीकरण मोडतं. मग दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट, तो घाबरायच्या आत परत. दुसऱ्या आठवड्यात निम्मे लोक सोडून देतात, हे खरं सांगते. काहींना व्हेटकडून औषधाचीही जोड लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. त्या बीगलला साडेचार महिने लागले. आणि आमच्या गेटवर कुत्रा सोडताना गळ्यात पडून दहा मिनिटं रडणाऱ्यांना मी आता सरळ आवरतं घ्यायला लावते, चिडतात, पण ते गेल्यावर पुढचा तासभर त्यांच्या लाडक्याला आम्ही सावरत असतो.

एक केस सांगायची राहिली. आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड, आयुष्यभर फटाक्यांनाही न बिचकलेला, एकदम खुर्ची सरकवल्याच्या आवाजाने थरथरायला लागला. मालकाला वाटलं वय झालं. आमच्या मुलाच्या लक्षात आलं की हा बसताना एका बाजूला कलतो. एक्स-रेमध्ये कंबरेच्या सांध्याचा संधिवात निघाला. आवाजाने दचकलं की स्नायू आखडतात, आखडले की दुखतं, मग तो आवाजच दुखण्याशी जोडला जातो. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये अशाच केसेस मांडल्या होत्या, त्या आमच्या व्हेटनेच दाखवल्या. दुखण्यावर औषध सुरू झालं आणि भीती निम्म्याहून कमी झाली. (घरातली माणसांची पेनकिलर देऊ नका कृपा करून, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते.) तेव्हापासून वागणं अचानक बदललेला कुत्रा आला की आधी व्हेट, मग आम्ही, असा नियम केला. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा, कारण त्यातले कितीतरी परत आमच्याकडे येतच नाहीत.

घर बदललं, बाळ आलं, कोणी हॉस्टेलला गेलं, मालकाची शिफ्ट बदलली, हे सगळं आता आमच्या फॉर्मवर विचारतो. पूर्वी फॉर्मवर पहिला प्रश्न होता 'ब्रीड कोणती'. एक प्रश्न मात्र ताई मला लिहू देत नाही, 'घरात सध्या टेन्शन आहे का?' स्वीडनमध्ये २०१९ मध्ये ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, मोजलं होतं, आणि दोघांची पातळी बरोबरीने वरखाली होताना दिसली. पण हे समोर बसलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने विचारायचं! ताई चहा पुढे करते आणि ते आपणहून बोलायला लागेपर्यंत थांबते.

आता आमच्याकडे एका वेळी दहाच कुत्री असतात, पूर्वी बावीस घ्यायचो. आधी एक दुपार, मग एक रात्र, आणि मगच लांबचा मुक्काम. यामुळे गेलेले क्लायंट गेले.

या आठवड्यात एक पांढरी स्पिट्झ आलीये, पहिले दोन दिवस खोक्याच्या आतच होती. काल दुपारी बाहेर आली, मॅटवर दोन गोल फेऱ्या मारल्या आणि चारही पाय सोडून, पोट वर करून झोपली, घोरायला लागली. तिच्या आईंना मी व्हिडिओ पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, "ही नुसती झोपतेच का हो तुमच्याकडे? खेळतानाचा पाठवा ना एखादा."

मी आज पुन्हा झोपलेलाच पाठवलाय.