समासातली पेन्सिल: आमची वाटचाल

माझी पहिली कादंबरी प्रकाशकाकडून 'साभार परत' आली तेव्हा तिची पानं होती 412. पाठवण्याआधी चाळिसाव्या आणि एकेचाळिसाव्या पानाच्या मध्ये मी एक पांढरा दोरा ठेवला होता. बाड परत आल्यावर आधी तेच पान उघडलं. दोरा जागच्या जागी होता. कुणी वाचलंच नाही, असं मी धरून चालले आणि ते बाड कपाटात गेलं.

नकाराचं वाईट वाटलं, ते वाटणारच. पण खरा त्रास झाला तो वेगळाच. चुकलं कुठे, हे कुणी सांगितलं नाही. ज्यांना वाचायला दिलं होतं ते सगळे 'छान आहे गं' म्हणाले. एक जण म्हणाला, एका बैठकीत संपवली. माझ्या माणसांनी मला खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. त्यांना मी आवडत होते, आणि ज्याला लिहिणारा आवडतो त्याला लिहिलेल्यात नेमकं काय खटकतंय हे सांगणं फार जड जातं. प्रकाशकाकडे सांगायला वेळ नव्हता, घरच्यांकडे सांगायची हिंमत नव्हती. या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी होती. प्रकाशकाकडे जाण्याआधी कादंबरी वाचून लेखकाला अहवाल देणारी आमची संस्था त्या जागेवर उभी आहे.

त्याआधी बरीच वर्षं मी मुद्रितशोधन केलं. पानं लागून आलेली असत, मुखपृष्ठ तयार असे, आणि माझं काम ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार पाहायचं. तसं करताना कितीदा तरी लक्षात यायचं, की या कादंबरीचा मधला सगळा भाग नुसता रेंगाळतोय, किंवा जो माणूस शेवटी निर्णय घेतो तो त्याआधी कुठे नीट दिसलेलाच नाही. पण त्या टप्प्यावर बोलून उपयोग नसतो. तेव्हा 'की'चं 'कि' झालेलं सुधारता येतं, माणूस सुधारता येत नाही. हेच सगळं सहा महिने आधी कुणी लेखकाला सांगितलं असतं तर, असं वाटत राहायचं. माझी एक मैत्रीण भाषांतरं करायची. तिलाही हेच वाटत होतं. दोघींनी मिळून संध्याकाळच्या वेळात काम सुरू केलं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक छपाईयंत्र.

सुरुवातीला लोक यायचे ते 'शुद्धलेखन तपासून द्या' म्हणून. त्यांना समजावण्यात आमचं पहिलं वर्ष गेलं. कादंबरीच्या संहितेवरचं काम थरांनी होतं. आधी संपूर्ण कादंबरी वाचून तिचं मूल्यमापन: रचना उभी राहते का, निवेदन कुणाचं आहे, वेग कुठे पडतो, माणसं पटतात का. मग लेखकाने केलेलं पुनर्लेखन. त्यानंतर वाक्यावाक्याचं भाषासंपादन, आणि अगदी शेवटी मुद्रितशोधन. हा क्रम उलटा केला की पैसे आणि कष्ट दोन्ही वाया जातात. जी भिंत पाडायची आहे तिला रंग देण्यात काय अर्थ? आम्ही यातला फक्त पहिला थर घेतो. पुढच्या कामांसाठी चांगली माणसं सुचवतो, पण त्यांच्याकडून आम्ही काही घेत नाही.

आमची पद्धत एका दिवसात ठरली नाही. आज ती अशी आहे. प्रत्येक संहिता दोनदा वाचायची. पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल घ्यायची नाही. साध्या वाचकासारखं वाचायचं आणि एवढंच टिपायचं, की आपण वाचन कुठे थांबवलं. चहासाठी थांबलो, फोन आला म्हणून थांबलो, की कंटाळा आला म्हणून. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल आणि घटनांची वही. वहीत प्रत्येक प्रसंगाची एक ओळ असते: प्रसंग कुठे घडतो, कधी घडतो, कुणाच्या नजरेतून दिसतो, आणि प्रसंग संपल्यावर काय बदललेलं असतं.

'कधी'च्या रकान्यात चुका चटकन सापडतात. एका संहितेत एका पात्राचं गरोदरपण चौदा महिने चाललं होतं, कारण लेखिकेने मधे दोन प्रकरणं नंतर घातली होती. अशा चुका सुधारायला एक दुपार पुरते. मला काळजी वाटते ती शेवटच्या रकान्याची. 'काय बदललं' या मथळ्याखाली ओळीने अकरा जागा रिकाम्या राहिलेली एक वही मी अजून जपून ठेवली आहे. त्या अकराही प्रसंगांत लोक बोलत होते, जेवत होते, आठवणी काढत होते. वाक्यं सुरेख होती. पण अकरावा प्रसंग संपला तेव्हा सगळे पहिल्याच्या सुरुवातीला होते तिथेच होते. आपली कादंबरी मधे 'पडते' असं लेखकाला नुसतं सांगितलं तर तो हताश होतो. ती वही समोर ठेवली की तो दहा मिनिटं काही बोलत नाही आणि मग स्वतःच पेन मागतो.

आता ज्या कामामुळे आमचा अहवाल बदलला त्याबद्दल.

दुसऱ्या वर्षी एका निवृत्त गृहस्थांची कादंबरी आली. दोन भावांच्या वाटणीची. धाकटा भाऊ म्हातारपणी ती सांगतो. सांगताना भरकटतो, विहिरीवरून झाडावर, झाडावरून आईच्या आजारपणावर. आम्ही चौदा पानांचा अहवाल लिहिला. त्यात ठामपणे सांगितलं: भांडणापासून सुरुवात करा, भरकटणं काढा, म्हाताऱ्या निवेदकाला काढून सरळ तृतीयपुरुषी निवेदन ठेवा. काका शिस्तीचे. सात महिन्यांनी सगळं करून पुन्हा आले. आम्ही वाचलं, आणि वाचून झाल्यावर एकमेकींकडे बघायला नको वाटलं. रचना घट्ट झाली होती. कादंबरीतला जीव गेला होता.

त्यांनी फोनवर रागावून नाही, अगदी हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. पण आता वाचताना वाटतं, हे दुसऱ्याच कुणाचं आहे."

नशीब, जुना खर्डा त्यांनी जपला होता. आम्ही तो मागून घेतला, मानधन न घेता पुन्हा वाचला आणि या वेळी आमच्याच पहिल्या वाचनाच्या नोंदी बाजूला ठेवल्या. आम्ही दोघीही नव्वदाव्या पानाच्या आत तीनदा थांबलो होतो, हे खरं होतं. कारण मात्र आम्ही चुकीचं लावलं होतं. भरकटण्याचा त्रास होत नव्हता. तो म्हातारा हे सगळं कुणाला सांगतोय, आणि आजच का सांगतोय, हे कळत नव्हतं म्हणून आम्ही थांबत होतो. मी काकांना तेवढंच विचारलं, "काका, हा माणूस हे कुणाला सांगतोय?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "नातीला. तिला उद्या कागदांवर सही करायची आहे."

ही नात कादंबरीत कुठेच नव्हती. त्यांच्या डोक्यात मात्र पहिल्यापासून होती. ती पानावर आल्यावर विहीर, झाड आणि आई यांतलं काहीच काढावं लागलं नाही, कारण आता प्रत्येक आठवण त्या सहीकडे जात होती. ती कादंबरी दोन प्रकाशकांनी साभार परत केली आणि तिसऱ्याने घेतली.

त्या दिवसापासून आमच्या अहवालात 'असं करा' हे शब्द येत नाहीत. वाचताना काय झालं आणि कुठल्या पानावर झालं, हे आम्ही लिहितो. आम्हाला त्याचं कारण काय वाटतं, ते लिहितो. आणि प्रश्न विचारतो. लेखकाने आग्रह केला तर उपाय तोंडी सुचवतो, आणि तेही किमान दोन वेगळे, म्हणजे निवड त्याच्याकडे राहते.

आमच्याकडे नवीन वाचक रुजू झाला की त्याला आम्ही एका जुन्या पत्राबद्दल सांगतो. 1924 च्या नोव्हेंबरात मॅक्स्वेल पर्किन्स या संपादकाने अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डला 'द ग्रेट गॅट्सबी'च्या संहितेबद्दल ते लिहिलं. त्यात कौतुक आहे, आणि ते मनापासूनचं आहे. मग मोजके आक्षेप आहेत: गॅट्सबी स्वतः धूसर राहतो, वाचकाची नजर त्याच्यावर ठरत नाही, आणि त्याचा पूर्वेतिहास एकगठ्ठा येतो, तो थोडाथोडा झिरपायला हवा. पर्किन्सने काही सुचवलंही, पण ठरवण्याचं काम लेखकावर सोडलं. फिट्झजेराल्डने छपाईआधी तपासायला आलेल्या मुद्रितांवरच मोठं पुनर्लेखन केलं आणि 1925 च्या एप्रिलमध्ये पुस्तक बाहेर आलं. चांगल्या अहवालात जे हवं ते त्या एका पत्रात आहे. काय जमलंय हे आधी सांगायचं, कारण ते माहीत नसेल तर लेखक सुधारताना नेमकं तेच काढून टाकतो. काकांच्या बाबतीत आमच्याकडून हेच सांगायचं राहिलं होतं.

पर्किन्ससारखे संपादक प्रकाशनगृहाच्या आत बसून हे काम करत. आजही काही ठिकाणी ते होतं, पण बहुतेक लेखकांना संपादक भेटतो तो संहिता स्वीकारली गेल्यावर. स्वीकारली जाण्यासाठी जे काम लागतं ते त्यांना एकट्याने करावं लागतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस लागतील?" आमच्या वाचनाला पाच ते सहा आठवडे लागतात. तुमच्या पुनर्लेखनाला किती लागतील ते मी सांगू शकत नाही. अमेरिकन लेखिका हार्पर लीचं बाड 1957 साली संपादक टे होहॉफ यांच्या हाती आलं तेव्हा त्यांना ती सलग कादंबरी वाटली नव्हती, सुट्या प्रसंगांची माळ वाटली होती. दोन वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा लिहून 1960 साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली. हे ऐकून काही जण उठून जातात. जे बसून राहतात त्यांच्याबरोबर काम करायला मला आवडतं.

पैशाबद्दलही स्पष्ट लिहिते. मानधन शब्दसंख्येवर ठरतं, अर्धं आधी, अर्धं अहवालानंतर. पुस्तक छापून येईल असं आश्वासन आम्ही देत नाही आणि ते देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तकं काढणाऱ्या एकाने आम्हाला सुचवलं होतं, की तुमच्याकडची माणसं इकडे पाठवा, प्रत्येकामागे तुमचा वाटा ठेवू. तेव्हा आमची जागेची दोन महिन्यांची भाडी थकली होती. तरी नाही म्हटलं. ज्याला वाटा मिळणार त्याच्या हातून 'अजून तयार नाही' हे वाक्य लिहिलं जाईल का? आणि आमचं निम्मं काम तर तेच वाक्य लिहिण्याचं आहे. प्रशस्तिपत्रासारखा अहवाल मागणारेही येतात, प्रकाशकाच्या पत्राला जोडायला म्हणून. ते आम्ही देत नाही. अहवाल लेखकासाठी असतो. प्रकाशकाला हवा असतो गोषवारा, पहिली काही प्रकरणं आणि दोन परिच्छेदांचं नेटकं पत्र. संहिता कुठल्याही यंत्राला वाचायला दिली जाणार नाही, हेही आमच्या करारात आहे.

काम घेण्याआधी आम्ही पहिली तीस पानं वाचतो. कित्येकदा तेवढ्यावरच कळतं की हा पहिला खर्डा आहे आणि लेखकाने तो अजून स्वतःही पुन्हा वाचलेला नाही. तो आम्ही परत करतो, कारण लिहून. संहिता संपली की दीड-दोन महिने डोळ्याआड ठेवा, मग कागदावर छापून एकदा सलग वाचा, संवाद मोठ्याने म्हणा. तुम्हाला जे दिसतंय ते तुम्हीच दुरुस्त करा. आणि पाठवताना सोबत एका पानावर तुमच्या मनातल्या तीन शंका लिहा. चांगल्या लेखकांच्या या शंका बहुधा बरोबर असतात. फक्त त्यांना कुणीतरी हो म्हणायला हवं असतं.

अहवाल आल्यावर आठवडाभर उत्तर लिहू नका. पहिल्या दिवशी त्यातलं फक्त वाईट तेवढं दिसतं. आमचा अहवाल आणि दुसऱ्या कुणाचा अभिप्राय जुळत नसेल तर पानांचे आकडे ताडून पाहा. एकाला तिथे नायिका थंड वाटलेली असते, दुसऱ्याला प्रसंग लांबलेला. उपाय दोघांचे वेगळे, पण दुखणं त्याच पानावर असतं.

आता आम्ही चौघं आहोत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीने माझं कपाटातलं बाड माझ्याकडून मागून घेतलं. इतरांच्या संहितांना लावते तीच पद्धत तिने लावली. आधी पेन्सिलीशिवाय, मग पेन्सिल घेऊन. अहवाल अकरा पानांचा आहे. तिसऱ्या पानावर तिने लिहिलंय: "इथे मी पहिल्यांदा वाचन थांबवलं. फोन वगैरे आला नव्हता." कंसात पानाचा आकडा आहे, 38.

मी कपाटाशी जाऊन बाड उघडलं. दोरा चाळिसाव्या पानाला होता. त्या प्रकाशनगृहात कुणीतरी अडतिसाव्या पानापर्यंत आलं असेल.