शब्द फोडून वाचताना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. मला मात्र आपल्या शाळेने व्याकरणाच्या तासाला हाती दिलेले एक साधन आज वर्गात बसणाऱ्या मुलांसाठी लिहून ठेवावेसे वाटते. ते म्हणजे शब्द फोडून वाचणे. शुद्धलेखनाच्या पुष्कळशा चुका दोन तुकड्यांच्या सांध्यावरच होतात.

'महत्त्व' घ्या. शेवटचा 'त्व' काढा आणि उरलेला तुकडा दुसऱ्या एखाद्या शब्दात सापडतो का ते पाहा. 'महत्कार्य'मध्ये 'महत्' सापडतो, म्हणून महत् + त्व, त दोनदा. सत्पुरुषातल्या 'सत्'वरून सत्त्व, तत्काळातल्या 'तत्'वरून तत्त्व. 'नेतृत्व'मधून त्व काढला की 'नेतृ' उरतो. त्याच्या शेवटी ऋ आहे, त् नाही. तिथे एकच त्व पुरतो. याद्या पाठ करायची गरजच राहत नाही.

'इक' लागला की बहुधा पहिला स्वर वाढतो: समाज–सामाजिक, इतिहास–ऐतिहासिक, उद्योग–औद्योगिक. सप्ताहाच्या पत्रिकांवर हमखास दिसणारा 'अध्यात्मिक' इथेच चुकतो. अध्यात्म + इक म्हणजे आध्यात्मिक. एसटी स्टँडवरच्या पाट्यांवर 'उपहारगृह' लिहिलेले असते, तेही तसेच. उप + आ + हार म्हणजे उपाहार, हलके खाणे. उप + हार म्हणजे उपहार, भेट. धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ, दोन्हीकडे 'हृ'च, पण मधला 'आ' गळला की खाण्याची भेटवस्तू होते.

मराठीचा खरा कस लागतो तो सामान्यरूपात, म्हणजे 'ला', 'चा' असे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे रूप बदलते त्यात. लातूर जिल्ह्यातले औसा पाहा. आपण 'औशाला' जातो, जसे पैसा–पैशाला, मासा–माशाला. 'घोडा'चे 'घोड्या' होताना जो 'या' येतो तोच इथेही येतो आणि स् व य मिळून श होतो. य त्या श मध्ये आधीच मुरलेला असतो, म्हणून 'पैश्याला' लिहिले की तो दोनदा लागतो. मात्र 'कर' जोडताना तिथे 'या' नाही, 'ए' येतो: औसेकर.

आपली बोलीही अशीच फोडता येते, आणि हे वर्गात फार कमी होते याचे वाईट वाटते. परभणी-लातूरकडे 'मी जेवायलोय', 'तो जेवायलाय', 'ती जेवायलीय' म्हणतात. 'जेव' हा धातू, पुढे 'आयल', मग ओ, आ, ई, आणि शेवटी 'आहे'चा उरलेला य. हे ओ, आ, ई 'आलोय, आलाय, आलीय'मधलेच आहेत. रचना इतकी नेटकी असताना तिच्यावर 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ का मारावी? वहीत प्रमाण रूप लिहायला शिकवावेच. पण आधी 'जेवायलाय' फळ्यावर फोडावे, खाली 'जेवत आहे' लिहावे आणि कुठला तुकडा टिकला, कुठला बदलला ते मुलांनाच विचारावे.