शिगा नावाचं जहाज

आज सुट्टी, अख्खी दुपार एका जपानी जहाजाबद्दल वाचण्यात गेली. नाव शिगा. दुसऱ्या महायुद्धातलं एस्कॉर्ट जहाज, म्हणजे मालवाहू जहाजांना पाणबुड्यांपासून सांभाळून नेणारं. यामातो वगैरे मोठ्या युद्धनौकांची नावं सगळ्यांना माहितीयेत पण जपान म्हणजे बेटं, तेल रबर सगळं समुद्रातून यायचं आणि अमेरिकन पाणबुड्या नेमकी तीच जहाजं बुडवत होत्या, तरी एस्कॉर्टसाठी वेगळी कमांड काढायला नोव्हेंबर १९४३ उजाडला!! खरंच राग आला वाचून, तोवर किती खलाशी गेले असतील. मग घाईघाईत डिझाईन सोपं केलं, वळणदार पत्र्यांऐवजी सरळसोट पत्रे, आणि भराभर जहाजं पाण्यात सोडली. शिगा त्यातलंच, सासेबोला बांधलेलं, तयार झालं मार्च १९४५ ला, म्हणजे युद्ध संपायला जेमतेम पाच महिने.

पण मला आवडलं ते त्याचं पुढचं आयुष्य. युद्धानंतर समुद्रातले सुरुंग काढायला गेलं, मग हवामानाच्या नोंदी घेणारं जहाज झालं, मग कोस्ट गार्डकडे कोजिमा नावाने ट्रेनिंगला. शेवटी टोकियोजवळच्या चिबा शहराने ते आपल्या इनागे भागातल्या किनाऱ्यावर आणून लोकांसाठी समाजमंदिर केलं, भराव टाकत टाकत समुद्रच लांब गेला आणि हे लढाऊ जहाज जमिनीत रुतून उभं!

१९९८ ला भंगारात काढलं. ठेवायला हवं होतं यार, त्यावर काम केलेली कितीतरी माणसं तेव्हा हयात असणार.